तेहतिसावं घर

आवर्तसारणी पाठ करणारी पोर परीक्षा झाली की ती विसरते, पण त्या सारणीत स्वतः बसलेली पोर जन्मात विसरत नाही, असं सबीहा मॅडमचं ठाम मत होतं. म्हणून जळगाव जामोदच्या त्या मुलींच्या शाळेत दहावीचा हजेरी क्रमांक हाच मुलीचा अणुअंक व्हायचा. एक नंबर हायड्रोजन, आठ नंबर ऑक्सिजन. हजेरीला मुली आपापल्या मूलद्रव्याचं नाव सांगायच्या, आणि सप्टेंबरात चांगलं ऊन पडलं की मॅडम पटांगणात फक्कीनं छत्तीस घरं आखून सगळ्यांना त्यात बसवायच्या. हेडमास्तर दरवर्षी कपाळाला हात लावायचे.

यंदा मुली पस्तीसच होत्या. बत्तीस नंबरची जूनमध्येच वडिलांच्या बदलीपायी अकोल्याला गेली होती. तिच्या रिकाम्या घराशेजारी तेहतीसच्या घरात, आर्सेनिकचं कार्ड गळ्यात अडकवून, मॅडमची लेक झेबा बसली होती. नवरा गेल्यापासून सबीहाला जगात तेवढी एकच होती. शाळेत आईला मॅडमच म्हणायचं, हा नियम झेबा इमानेइतबारे पाळायची.

"मॅडम, ते घर खाली काऊन ठेवलं?" एकतीस नंबरच्या योगिनीनं विचारलं.

मॅडमची कळी खुलली. दीडशे वर्षांपूर्वी मेंडेलीव्हनं सिलिकॉनच्या खालचं नेमकं हेच घर रिकामं ठेवलं होतं, त्या सांगू लागल्या. तिथलं मूलद्रव्य तोवर कुणीच पाहिलेलं नव्हतं. पण उभ्या ओळीतल्या सगळ्यांचा स्वभाव सारखा. त्यांच्या शेवटच्या कक्षेत इलेक्ट्रॉनही सारखेच असतात, हे कळायला पुढं कितीतरी वर्षं जायची होती. त्यानं नुसत्या शेजाऱ्यांवरून त्या न पाहिलेल्याचं वजन, रंग, गुण सगळं लिहून ठेवलं. पंधरा वर्षांनी ते सापडलं आणि वर्णन जुळलं.

"चला, आपणही लिहू," मॅडम म्हणाल्या. चूक झाली ती इथं.

योगिनी अडतीस किलोची, झेबा बेचाळीसची. म्हणजे येणारी चाळीसची. उंची दोघींच्या मधली, पाच फूट. वरच्या घरातली दीपमाला डावखुरी आणि घुमी, म्हणून हीसुद्धा डावखुरी, घुमी. मुली हसून हसून बेजार झाल्या. मेंडेलीव्हनं कामचलाऊ नावावर भागवलं होतं, मुलींनी तेवढंही दिलं नाही.

चौथ्या दिवशी ती आली. वडनेर भोलजीच्या शाळेचा दाखला घेऊन, एकटीच. दाखल्यावर नाव होतं. मॅडमनी ते हजेरीपटात उतरवलंही, पण हाक मारायची वेळ आली की ते ओठांवर येईना. सगळ्या तिला बत्तीसच म्हणू लागल्या. डावखुरी होती. उंची पाच फूट भरली. आरोग्य तपासणीत वजनाचा काटा बरोबर चाळीसवर थांबला, तेव्हा वर्गात कुणी हसलं नाही. मॅडमनी मनाची समजूत घातली, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. तरी तिची वही तपासायला वाकलं की त्यांना कसंतरीच व्हायचं. तिच्या अंगाला तेलाचा, घामाचा, साबणाचा, कसलाच वास नव्हता.

महिनाभरानं मधल्या सुट्टीत झेबा प्रयोगशाळेत आली आणि नियम मोडून बोलली.

"अम्मी, बत्तीस दिवसभर वहीत लिहून राह्यते. वरच्या पंधरा नंबरले विचारते, बाजूच्या चौतीसले विचारते. तुमची उंची किती, तुम्ही कशा हासता."

"मग? तुले काय विचारते?"

"मले काहीच नाही विचारत. मले भेव लागते, अम्मी."

सबीहानं त्या दिवशी सगळ्या वर्गाच्या वह्या तपासायला घरी आणल्या. झेबा शाळेतून परस्पर शिकवणीला गेली होती. सात वाजता यायची. बत्तीसच्या वहीचं शेवटचं पान भरलेलं होतं. अक्षर सुबक होतं आणि वर आजची तारीख होती.

'घर क्रमांक ३३. सध्या रिकामं.'

खाली वजन एकेचाळीस. उंची पंधरा आणि चौतीसच्या मधली. वरचीसारखी हसताना तोंडावर हात धरेल. डावीकडचीसारखा अंगाला वास नसेल. सबीहानं ते दोनदा वाचलं. त्यात झेबाचं काहीच नव्हतं. सगळं शेजारणींचं होतं.

शेवटची ओळ होती, 'आईला ती आपलीच वाटेल.'

तिनं शिकवणीच्या सरांना फोन लावला. थे तर मघाशीच निघाली, मॅडम, ते म्हणाले.

फाटक वाजलं.

दारात शाळेच्या गणवेशातली एक मुलगी उभी होती. सबीहानं तिला आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. सबीहाला ओरडायचं होतं. माझी झेबा कुठाय, एवढंच विचारायचं होतं.

"अम्मी," मुलगी म्हणाली, आणि तोंडावर हात धरून हसली.

सबीहाची छाती भरून आली.

"किती उशीर केला, बेटा," ती म्हणाली आणि तिनं पोरीला पोटाशी घट्ट धरलं.

जेवणं झाल्यावर सबीहानं आपला मोबाईल उघडला. पडद्यावर कुठल्याशा परक्या मुलीचा फोटो होता. कुणाची असेल बिचारी, असं मनाशी म्हणत तिनं तो पुसून टाकला.