चौसष्टावा कान

तिच्या गाडीला मागून धडक बसली तेव्हा सिग्नल लाल होता, ती थांबलेली होती, आणि मागच्या गाडीतल्या दंतवैद्याचं लक्ष कुठे होतं ते त्याचं त्यालाच ठाऊक. धक्का तसा बेताचाच. माणसांना खरचटलंही नाही. पण डिकीत चौसष्ट कप होते… तिने स्वतः चाकावर घडवलेले, निळी झिलई देऊन भाजलेले… आणि मागून जो आवाज आला, तो पुढे कित्येक दिवस तिला झोपेत ऐकू येत होता.

दंतवैद्य भला माणूस. मास्क गळ्यात तसाच लोंबत असताना हात जोडून म्हणाला, "चूक माझीच. माझी विमा कंपनी सगळं भरून देईल." जन्मभर लोकांना 'अजिबात दुखणार नाही' असं सांगत आलेल्या माणसाच्या शब्दावर किती विसंबायचं, हे तिला त्या घाईत सुचलं नाही.

कंपनी देत नव्हती असंही नाही. गाडीचा पत्रा दोन दिवसांत मंजूर झाला. घोडं अडलं कपांपाशी.

"कप खरेदी केल्याचं बिल?" फोनवरच्या बाईंनी मधाळ आवाजात विचारलं.

"खरेदी कसली? मीच केलेत."

"मग तुम्ही तुमच्याकडून घेतल्याचं बिल?"

शेवटी कंपनीने अंदाजाने चोवीस कप धरले. चोवीसच का, तर बाई म्हणाल्या, "दोन डझन होतात ना." तिने चौसष्ट कपांच्या ऑर्डरची चिठ्ठी पाठवून दिली, तीही चालली नाही. ज्या चहाच्या दुकानासाठी ते कप होते, ते एक तारखेला उघडणार होतं. पुन्हा चौसष्ट करायचे तर माती हवी, झिलई हवी, आणि त्याआधी भट्टीची जळलेली कॉईल बदलायला हवी. चोवीस कपांच्या पैशांत कॉईलसुद्धा अर्धीच आली असती.

"तुकडे आहेत माझ्याकडे. दोन पोती. एक फेकलेला नाही," ती फोनवर म्हणाली. "या आणि मोजा."

असं म्हटल्यावर सहसा कोणी येत नाही. सोमवारी सकाळी मात्र एक जण आला.

तिला वाटलं गिऱ्हाईक. "हात लावू नका हं, कुंड्या ओल्या आहेत सगळ्या." तो भट्टीच्या शेडच्या दारातच दोन पावलं मागे सरला आणि हात पाठीशी बांधून उभा राहिला.

"मी सर्व्हेअर. विमा कंपनीने पाठवलंय."

"म्हणजे समोरच्या पार्टीचे."

"हो," तो म्हणाला, "पण मोजता येतं मला."

घरातून आत्या बाहेर आली. या आत्याने तिला लहानाची मोठी केली होती, आणि आता ती मोठी झाली आहे हे कबूल करायचं मात्र टाळत होती. आत्याने चहा विचारला. त्याने नको म्हटलं. फाईल उघडी असेपर्यंत तो पार्टीकडचं काही घेत नसे. पाणी विचारलं, तर त्याने पिशवीतली स्वतःची बाटली काढून दाखवली.

"चहात असं काय विरघळणार आहे तुमचं?" आत्या म्हणाली.

"आकडा."

आत्याने भाचीकडे पाहिलं. भाचीने पोत्याची दोरी सोडायला घेतली.

पोतं चटईवर रिकामं झालं. निळ्या ठिकऱ्यांचा हा ढीग. तिला वाटलं, आता हा हात टेकणार. तो मांडी घालून बसला आणि एक-एक तुकडा असा उचलू लागला, जसा काही त्याला अजून दुखत असावा.

"कपाचे तुकडे किती होतील याचा नेम नाही," तो म्हणाला. "पण कान जाड असतो. तो सहसा फुटत नाही, आणि एका कपाला एकच असतो. आपण कान मोजू. मागे चपलांचं एक दुकान जळलं होतं. तिथे मी बक्कल मोजले होते."

"जुळले?"

"नऊ जास्त भरले. मालकाने शेजाऱ्याचे आणून टाकले होते."

ती हसली. तो हसला नाही, पण डोळ्यांच्या कडेला काहीतरी हललं… दुपारपर्यंत ती ते पुन्हा हलतंय का, हे बघत राहिली.

त्या दिवशी एक्केचाळीस कान झाले. निघताना त्याने एक कान उजेडात धरला. जिथे कान कपाला चिकटतो, तिथे खालच्या टोकाला एक खळगा होता.

"हे प्रत्येकावर आहे. काय आहे हे?"

"माझा अंगठा. तिथे दाबते मी, म्हणजे कान सुटत नाही."

त्याने स्वतःचा अंगठा त्या खळग्यात ठेवून पाहिला. बसला नाही, मोठा होता. "म्हणजे सगळे तुमचेच," तो म्हणाला. "कोणी शेजाऱ्याचे आणलेले नाहीत." वाक्य हिशेबाचंच होतं. कानशिलं तापायचं तिला काही कारण नव्हतं. पण तापली.

मंगळवारी दुसरं पोतं. त्याने सगळे कान ओळीत मांडले, वरून फोटो काढला, आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला म्हणून तो फाटकापर्यंत गेला. तिने मोजले. तेवीस. एक्केचाळीस अन् तेवीस, चौसष्ट. जुळलं.

जुळल्याचा आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. जुळलं म्हणजे संपलं. तो अहवाल लिहिणार, पिशवी उचलणार, आणि समोरची पार्टी समोरून निघून जाणार. कॉईल, माती, एक तारीख, सगळं तिला पाठ होतं. तरीही ओळीतला शेवटचा कान तिने उचलला आणि अ‍ॅप्रनच्या खिशात टाकला. आपल्याच क्लेममध्ये आपणच खोट काढणारी बाई त्या कंपनीने तोवर पाहिलेली नसावी.

तो परतला. त्याने मोजले. पुन्हा मोजले. एकदा चटईकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"एक कमी आहे," तो सावकाश म्हणाला.

"असेल कुठेतरी."

"आकडा जुळला नाही तर फाईल वादाच्या कपाटात जाते. शुक्रवारची मुदत आहे. त्या कपाटातून फायली लवकर बाहेर येत नाहीत."

"मग… शोधू या ना."

"शोधू," तो म्हणाला.

बुधवारी तो आला आणि दोघांनी मातीच्या गोणींमागे, रॅकच्या खाली, टेबलाच्या पायापाशी शोधलं. शोधण्यापेक्षा बोलणंच जास्त झालं. त्याची आई वारल्यापासून तो स्वयंपाक मोजून करतो, दोन पोळ्या, म्हणजे उरत नाही आणि कोणासाठी उरवायची सवयही राहत नाही, असं त्याने सांगितलं. तिने सांगितलं की भट्टी उघडताना ती दरवेळी डोळे मिटते. आत्याने सवयीने दोन कप चहा आणून ठेवला. बोलता बोलता त्याने एक संपवला, मग दुसराही.

तो गेल्यावर आत्या कप विसळत म्हणाली, "आकडा विरघळला वाटतं."

"काय?"

"काही नाही. तू मोज."

गुरुवारी पाऊस होता. तो भिजत आला, आणि दोघं गॅरेजमध्ये जाऊन गाडीच्या सीटखाली टॉर्च मारत बसली. फिटर बराच वेळ पाहत होता. "साहेब, काय हरवलंय सांगाल तर मीपण शोधतो," तो म्हणाला. "का माझी अडचण होईल?" तिने टॉर्च विझवला. अंधारात त्याच्या ओल्या बाहीचा वास आला, आणि खिशातला कान मांडीला टोचला.

ती रात्र तिने कूस बदलत काढली. हा भला माणूस आपल्यापायी पावसात भिजतोय. उद्या मुदत संपली, फाईल त्या कपाटात गेली, तर बोल त्याला लागेल. आणि चहाचं दुकान कपांवाचून उघडेल. मनातल्या गोष्टीसाठी माणूस काय काय पणाला लावतो… आणि समोरच्याच्या ते गावीही नसतं.

शुक्रवारी कार्यालय उघडायच्या आधीच ती पायरीवर उभी होती. काउंटरमागच्या बाई बोलल्या आणि तिने आवाज ओळखला.

"माझी फाईल. चौसष्ट कपांची. एक कान राहिला होता, तो आणलाय," तिने कान काचेवर ठेवला. "सर्व्हेअरची काही चूक नाही. माझ्याकडेच होता."

बाईंनी कानाकडे पाहिलं, मग संगणकाकडे.

"तुमची फाईल मंगळवारीच बंद झाली. संध्याकाळी अहवाल आला. चौसष्ट कान, फोटोसकट. पूर्ण रक्कम मंजूर आहे, सोमवारी खात्यात येईल."

"मंगळवारी? पण ते तर काल… परवा…"

"तो? तो बुधवारपासून रजेवर आहे. सहा वर्षांत पहिल्यांदाच रजा घेतली. आम्हाला वाटलं आजारी पडला." बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मधाळ आवाज आणखी मधाळ झाला. "पडला नाही वाटतं आजारी."

परतीच्या बसमध्ये तिने सगळे दिवस पुन्हा मांडून पाहिले. बुधवारी त्याच्याकडे पिशवी नव्हती. कॅमेरा नव्हता. पाण्याची बाटली नव्हती. आणि त्याने चहा घेतला होता, एक सोडून दोन. जगाचे कान मोजायला निघालेल्या तिला एवढी बेरीज जमली नव्हती.

ती शेडमध्ये शिरली तेव्हा तो चटईवर बसून ठिकऱ्या चाळत होता. शेजारी आत्याचा चहा वाफाळत होता. आत्या तिला पाहताच उठली. भाजी करपेल म्हणाली. गॅस तर पेटलेलाही नव्हता.

तिने कान त्याच्यासमोर ठेवला.

"सापडला?" त्याने विचारलं.

"मंगळवारीच."

"हं."

"तुम्हाला ठाऊक होतं."

"फोटोत तेवीस होते. चटईवर बावीस." तो कानाकडेच बघत होता. "आधी वाटलं, विचारावं. मग वाटलं… ज्या बाईचं नुकसान झालंय, तीच आपला पुरावा का लपवेल? ऑफिसात पोचेपर्यंत हिशेब घातला. एकच उत्तर येत होतं, पण ते मी माझ्या बाजूने धरतोय की काय, अशी भीती होती. म्हणून आधी अहवाल पाठवला. फाईल बंद झाली की माणूस पार्टीचा राहत नाही."

"आणि मला सांगितलं नाहीत. मी तीन रात्री जागले."

"चहा घेतला की बुधवारी." तो पहिल्यांदाच नीट हसला. "त्याहून स्पष्ट मला सांगता येत नाही."

तिला हसूही आलं आणि डोळेही भरले. फोनवर, पत्रांत, काउंटरवर सगळीकडे तिला अंदाजात बसवलं होतं. या एकाने तिचा एक-एक तुकडा हातात घेऊन मोजला होता. आणि आकडा पुरा भरल्यावरही तो येत राहिला होता.

"उद्या काय शोधायचं?" त्याने विचारलं.

"उद्या उधारीवर कॉईल आणून बसवायची आहे. परवा माती मळायची. आणि कान लावायला एक माणूस कमी पडतोय."

"माझा अंगठा मोठा आहे."

"चालेल," ती म्हणाली. "दोघांसाठी वेगळे करू."

एक तारखेला चौसष्ट कप दुकानात पोचले. भट्टीत तिने सदुसष्ट भाजले होते. दोन घरी राहिले, त्यांच्या कानांखालचा ठसा जरा मोठा होता. उरलेला एक तिने कागदात गुंडाळून दंतवैद्याला पाठवला, आत चिठ्ठी: 'त्या दिवशी ब्रेक उशिरा लावलात, त्याबद्दल मनापासून आभार.'

दंतवैद्याने ती चिठ्ठी तीनदा वाचली. मग वकिलाला दाखवावी की काय, या विचाराने कप दोन दिवस तसाच ठेवला. तिसऱ्या दिवशी त्याने त्यात चहा घेतला.