आपली माणसं : दोन

पडद्यावर बाबांच्या नावाखाली दोनच ओळी होत्या.

परवानाधारक समाजसेवक : शून्य.
आपली माणसं : दोन.

"शून्य कसं?" चार्वीने पडद्यावर बोट आपटलं. "काल एक होती! मंगळावर माणूस पळून पळून जाणार कुठे?"

"पळाली नाही. तबस्सुम शेजारच्या खोलीत रडतेय," वसाहतीच्या यंत्रशाळेचे प्रमुख डॉक्टर वाघमोडे म्हणाले. "तुझ्या बाबांपुरता तिचा परवाना गेला."

वसाहतीबाहेर पडायच्या दाराशी असलेल्या हवाकोंडीतल्या अपघातात आई गेली आणि बाबा मुके झाले. जेवण समोर ठेवलं तरी भिंतीकडे बघत बसायचे. अशा माणसावर परवानाधारक समाजसेवकाची देखरेख नसेल, तर त्याला पृथ्वीचं यान येईपर्यंत शीतनिद्रेत ठेवत. बाबा उठतील तोवर चार्वीचं कॉलेजसुद्धा संपलेलं असणार!

"पण काल ते बोलले! 'ताई, चहा घेणार?' म्हणाले तबस्सुमताईंना. मी तर अशी उडी मारली की डोकं छताला आपटलं."

"तिथेच घोळ झाला."

"ताई म्हटलं म्हणून? हरितगृहातल्या भांडकुदळ बाईंनाही आपण ताईच म्हणतो!"

"शब्दाचं काही नाही गं. आपलेपणमापक आवाज तपासतो. परक्याशी बोलताना गळा किंचित ताठ राहतो, आपल्या माणसाशी बोलताना सैल सुटतो. आपल्या माणसाने उपचार करायचे नाहीत, हा नियम. तुझे बाबा नुसते ताई म्हणाले नाहीत, त्यांना ती खरंच ताई वाटली."

"म्हणजे औषध लागू पडलं की डॉक्टर बाद? काय डोकं आहे! मग ते बरे होताहेत असं लिहून द्या ना."

"तो दाखला परवानाधारकानेच द्यायचा." वाघमोडेंनी उगाचच चष्मा पुसला. "संध्याकाळपर्यंत ती त्यांना पुन्हा परकी झाली, तर परवाना परत येईल."

चार्वी धावतच घरी आली. बाबांनी तीन कप मांडले होते.

"ताई येताहेत ना?"

तिने धापा टाकत एका दमात सगळं सांगितलं. "फक्त मॅडम म्हणायचं, बाबा. नाटकासारखं!"

बाबा चक्क हसले. भिंतीवरच्या मापकाच्या पडद्याकडे बघून म्हणाले, "तबस्सुम मॅडम."

लाल दिवा.

"मॅडम."

पुन्हा लाल. आवाजातला ओलावा काही लपेना. चार्वीला खुदकन हसू आलं, मग पुढचा लाल दिवा लागला आणि ती रडायलाच लागली.

बाबा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग उठले, तिसरा कप कपाटात ठेवला, दार लावलं आणि भिंतीसमोर जाऊन बसले, पूर्वी बसायचे तसेच.

"मॅडम," ते म्हणाले.

हिरवा.

परवानाधारक समाजसेवक : एक.
आपली माणसं : एक.

"झालं! बाबा, जमलं तुम्हाला!" चार्वीने त्यांच्या गळ्यात हात टाकले. "आता इकडे बघा ना. चहा गार होतोय."

"बरं," बाबा भिंतीला म्हणाले.

मापकाने तोही आवाज तपासला आणि खालची ओळ बदलली.

आपली माणसं : शून्य.