विहारातला पिंपळ का मुरडला?

“शिडीवर मी चढणार! पताका मी लावणार!”

“तू? मागच्या वर्षी पताका राहिली वर, अन् तू आला खाली!” हर्षा खो खो हसली.

“तवा शिडी हालली होती!”

“शिडी नाई, तू हालला होता!”

उद्या वैशाख पौर्णिमा, म्हणून अल्लीपूरच्या बुद्धविहारात सकाळपासून हाच दंगा चालला होता. शिडीसाठी भांडणारा धीरज म्हणजे वस्तीतल्या सुमित्राबाईंचा मुलगा. बोलायला लागला की गिरणीचा पट्टा बरा! हर्षा ही शेतीची बियाणं-औषधं विकणाऱ्या ताराचंद शेठची मुलगी. तिच्या घरचे देव वेगळे, पण विहारातल्या सुट्टीच्या शिबिराला जायचं म्हणून तिनं बापाच्या कानाशी भुणभुण लावली, तेव्हा बाप कंटाळून ‘जा माय’ म्हणाला. आणि तिसरी समीक्षा.

समीक्षा सिंदी मेघे गावची. आईबाबांचं बिनसलं, एका घराची दोन घरं झाली, तेव्हा सुट्टीपुरती तिला सुमित्रामावशीकडे धाडली होती. पोरगी मोठी तिखट. कोणी प्रेमानं ‘काय वं’ म्हटलं तरी ‘तुले काय करायचं?’ म्हणून मोकळी! आपण ना तिकडच्या, ना इकडच्या, हे तिच्या मनात काट्यासारखं ठसठसत राही. ठसठसलं की तोंडातून ठिणगी उडालीच म्हणून समजा.

शिबिरात भंतेजी डोळे मिटून बसायला शिकवत. “श्वास आत आला, कळू द्या. बाहेर गेला, कळू द्या. राग आला, तर तोही कळू द्या. त्याला हाकलू नका, त्याच्या मागे धावूही नका.”

पहिल्या दिवशी समीक्षाला नुसते डास कळले! पण हल्ली तसं बसलं की गढूळ पाण्यातला गाळ खाली बसावा तसं काहीतरी तिच्या छातीत खाली बसे. तेवढा वेळ आपण कुठल्या, हा प्रश्नच तिला पडत नसे. म्हणून ती रोज सगळ्यांच्या आधी येऊन बसायची. सांगायची मात्र कोणालाच नाही.

“अगं माय! पिंपळाले काय झालं?” हर्षा एकदम ओरडली.

तिघं धावली. अंगणातला तो पिंपळ अजून पोरच होता, मोठ्या माणसाच्या खांद्याएवढा. त्याची कोवळी पानं वळून चुरगळल्यासारखी झाली होती. शेंडा तर दोरीला पीळ द्यावा तसा मुरडला होता.

विहार समितीचे अध्यक्ष बंडूजी आले ते गरजतच. “या हप्त्यात पाणी टाकायची पाळी कोणाची होती?”

सगळ्या माना समीक्षाकडे वळल्या. काल पोरांनी ‘तू तं सुट्टीची पाहुणी’ म्हणून चिडवलं, तेव्हा ती सगळ्यांसमोर बोलून बसली होती, “जळो तुमचं झाड!”

“हिनंच टाकलं असन काहीतरी!” बंडूजी म्हणाले. “घरचा राग झाडावर काढते काय वं? उद्या वंदनेले पोरांच्या रांगेत बसायचं नाई!”

समीक्षाच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. “नाई बसत! मी चालली सिंदीले! इथं कोणाले मी पाह्यजे हाव?”

“थांब, बाळ.” भंतेजी पायरी उतरून आले. “बंडूजी, तिला काही टाकताना तुम्ही पाहिलंत?”

“पाहाले कायले लागते, भंतेजी? तोंड पाहा ना तिचं!”

“तोंडं पाहून न्याय झाला असता, तर आपण दोघं कुठे असतो?” भंतेजी हसले. “कोणी सांगितलं म्हणून मानू नका, मी सांगतो म्हणूनही नको. या आणि पाहा. हाच आपला धम्म.”

बंडूजी पाय आपटत निघून गेले. समीक्षा पिंपळाशी बसली. डोळ्यांत पाणी, मुठी आवळलेल्या. तिनं डोळे मिटले. श्वास आत. राग आला, कळला. श्वास बाहेर. पुन्हा आत...

आणि तिचं नाक फेंदारलं! “धीरज! कसला तरी वास येऊन राह्यला.”

“माझा नाई, मी आंघोळ केली हाय!”

“कडू, औषधासारखा!” ती उठली. मातीत वास होता. पाणी घालायच्या बादलीत होता. तिघं नळाजवळच्या निळ्या ड्रमशी आली. हर्षानं झाकण उचललं आणि झटकन मागं सरली.

“हा तं आमच्या दुकानातला वास! तणनाशक! बाबा रोज गिऱ्हाइकांच्या डोक्याशी लागतात, तणनाशक फवारलेला पंप कपाशीले लावू नका, पानं मुरडतात.”

“पण मी तं याच ड्रमातलं पाणी टाकलं, रोज!” समीक्षा पुटपुटली. “हा इथं आला कुठून?”

“बंडूजीकाकाच्या वावरातून! पौर्णिमेसाठी त्यायनंच आणला मागच्या हप्त्यात,” धीरज म्हणाला, आणि त्याची गिरणी एकदम बंद पडली. “अबे... उद्याचं सरबत याच ड्रमात होणार हाय!”

अख्खी वस्ती पिणार होती ते सरबत. लहान लहान पोरंसुद्धा!

तिघं बंडूजींकडे पळाली. पण शेतकऱ्याला शेतीतलं सांगायला जावं आणि तेही पोरांनी? झालं!

“ड्रम मी सोता खंगाळला! तुमी मले शेती शिकवता? अन् ही सिंदीवाली सोताचं पाप माझ्यावर ढकलून राह्यली!”

समीक्षाच्या जिभेवर चांगला निखारा आला होता. तिनं तो गिळला आणि परतताना म्हणाली, “ऐकून कोणी मानत नाई ना? मंग दाखवू!”

सुमित्राबाईंच्या परसात जुन्या डब्यांत टमाट्याची रोपं होती. मागितल्यावर त्यांचा पट्टा सुटला. “माझी रोपं मारता? खोटं निघालं तं टमाट्याच्या जागी तुमालेच चिरीन!” पण हिरव्यागार दोन रोपांचे डबे त्यांनीच उचलून दिले. एकात नळाचं पाणी घातलं. दुसऱ्यात ड्रममधलं, हात न लावता, लांब दांड्याच्या ओगराळ्यानं.

सकाळी उठल्याबरोबर तिघं परसात! आणि धीरजनं अशी आरोळी ठोकली की कोंबड्या छपरावर गेल्या.

विहारात पांढऱ्या कपड्यांची गर्दी जमली होती. ड्रम रिकामा करून पुन्हा भरला होता आणि बंडूजी त्यात साखर ओतणार, इतक्यात धीरजनं झाकण लावलं आणि टुणकन त्यावर चढून बसला.

“उतर बे!”

“नाई उतरत! पताका नाई लावू देल्ली, आता इथंच फडकतो!”

लोक हसले, कुजबुजले. सगळे समीक्षाकडे बघू लागले. आता ही पोरगी भडकणार! तिला ते कळलं. रागही कळला, घशापर्यंत आलेला. तिनं एक श्वास घेतला, आणखी एक घेतला. मग दोन्ही डबे पायरीवर ठेवले.

“काका, मी सांगते म्हणून मानू नका. या आन् पाहा.”

एक रोप ताठ. दुसऱ्याचा देठ पिळवटून खाली लोंबलेला, पानं चुरगळलेली. अगदी पिंपळासारखी.

ताराचंद शेठ गर्दीतून पुढे आले. रोप पाहिलं, ड्रम हुंगला. “बंडूजी, याच ड्रमात वावराच्या धुऱ्यावरल्या गवताचं तणनाशक कालवलं होतं ना? ते प्लास्टिकाले धरून बसते. खंगाळून जात नसते, भाऊ. यातलं पाणी पोरांच्या पोटात गेलं असतं तं?”

बंडूजींच्या हातातली साखर तशीच राहिली. गावात कोणासमोर मान न वाकवणारा माणूस समीक्षासमोर आला, हात जोडून.

“पोरी, चुकलो. न पाहताच बोललो तुले.”

“मी बी बोलली होती काका, झाडाले,” समीक्षा म्हणाली. “ते खरं नव्हतं.”

सुमित्राबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि लगेच सगळ्यांवर ओरडल्या, “उभे काऊन हा? ड्रम उचला! हापशीवरून पाणी आणा!” बायका घागरी घेऊन निघाल्या. ताराचंदांनी पिंपळाभोवतीची वरची माती काढायला लावली. “जगन की नाई, सांगता येत नाई. पण पिंपळ मोठा चिवट असते.”

“छान पाहिलंस, बाळ,” भंतेजी एवढंच म्हणाले.

वंदनेची घंटा झाली. पोरांची रांग ठासून भरली होती. समीक्षा दाराशीच थबकली. तेव्हा बंडूजीच आतून ओरडले, “सरका रे थोडे! आपली समीक्षा बसू द्या!”

हर्षा इकडे सरकली, धीरज तिकडे. मध्ये जेमतेम एका मुलीपुरती जागा झाली. समीक्षा त्यात बसली. दोन्हीकडून कोपरं लागत होती, धीरज हळूच कुजबुजत होता, उकाडा मरणाचा होता.

तिनं डोळे मिटले. श्वास आत आला, आणि कुठेही न अडता बाहेर गेला.