पाचवा आकडा

आमच्या विभागात पायांचे फोटो काढतात. पाऊल स्टँडवर ठेवायचं, वरून कॅमेरा तांबडा प्रकाश टाकतो आणि रक्त कुठे किती फिरतंय ते संगणक स्वतःच मोजतो; कमी तिथे निळं, भरपूर तिथे लाल. प्रत्येक बोटाचा आकडा, मग सरासरी. त्या आकड्याला माणसाने हात लावायचा नाही, हा नियम मीच भिंतीवर लिहून चिकटवला आहे.

आत्या पेशंट म्हणून आली तेव्हा तिने तो मोठ्याने वाचला आणि अक्षर अजून कुत्र्याचे पाय मांजरालाच आहे म्हणाली. आई गेल्यापासून तिनेच मला वाढवलं, लोकांचे कपडे शिवून. डाव्या पावलाला रक्त पुरेना, म्हणून गेल्या वर्षी त्याची करंगळी कापावी लागली होती. आता तिच्याच कमरेच्या हाडातल्या मूळपेशी पोटरीत टोचल्या होत्या. तिसऱ्या महिन्यात सरासरी तीस आली तर पाय राहणार, नाहीतर गुडघ्याखाली कापणार.

पहिल्या फोटोत चार बोटं निळी होती आणि करंगळीच्या रिकाम्या जागी धुरकट डाग. मी कॅमेऱ्याची काच पुसली. दुसऱ्या महिन्यात डागाला कड आली. माझं स्वतःचं पाऊल ठेवून पाहिलं. यंत्रात खोट नव्हती.

"करंगळीला ऊब लागतेय रे," आत्या म्हणाली.

कापलेला अवयव जागेवर असल्यासारखं पुष्कळांना वाटतं, असं मी तिला समजावलं. तिने मान हलवली. माझ्या शाळेतल्या थापा ऐकतानाही ती अशीच मान हलवायची.

तिसऱ्या महिन्यात आकडे आले. चोवीस, पंचवीस, तेवीस, चोवीस. आणि चोपन्न.

पडद्यावर पाच बोटं होती. पाचवं लालभडक.

स्टँडवर चारच होती. मी पुन्हा पुन्हा मोजली.

सरासरी तीस. पाचवं वगळलं तर चोवीस. बिघाड कळवला तर पाय जाणार. नाही कळवला आणि पाय सडला, तर आत्याच जाणार.

"तोंड का उतरलंय?" तिने विचारलं.

"काही नाही. तीस आलेत."

"मग पाठव की."

मी पाठवले. सर्जनने कापणं पुढे ढकललं. त्यानंतर दोन महिने मी रोज तिच्या पावलाला हात लावून बघायचो आणि जरा गार लागलं की दुसऱ्या हाताने पुन्हा बघायचो. ती मला भित्री भागूबाई म्हणायची. हळूहळू जखम भरली, आणि एका सकाळी ती ओट्यापाशी आधाराशिवाय उभी दिसली. मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही.

त्या रविवारी तिला वाकता येईना म्हणून मी नखं कापायला बसलो. पाऊल मांडीवर, खाली कागद. चार बोटं झाली तसं मी नेलकटर बाजूला ठेवलं.

"एक राहिलं ना," ती म्हणाली.

तिचं मन राखायला मी हसत नेलकटर रिकाम्या जागेत दाबलं.

ते कशावर तरी अडलं. कट्ट झालं.

"हळू रे," आत्या म्हणाली.

कागदावर पाचवा तुकडा पडला.