चोविसावा गोळा

लेक दुपारी दीड तास झोपते, तेवढ्यात माझी कामं उरकायची. स्टेशनच्या खोलीत खुंटीला तिची झोळी बांधलेली असे. एका हाताने दोरी ओढायची, दुसऱ्याने यंत्र उघडायचं.

अडतीस वर्षं बंद असलेली अकरा किलोमीटरची लाइन नगरपालिका पुन्हा सुरू करत होती. जुनं वाफेचं इंजिन माझ्या नवऱ्याने दोन वर्षं खपून उभं केलं होतं आणि तोच ते चालवणार होता.

"लेकीला एक दिवसाआड आंघोळ, इंजिनाला रोज," मी म्हणायचे.

"इंजिन रडत नाही," तो म्हणायचा, आणि जाताना काजळीचं बोट लेकीच्या नाकाला टेकवून पळायचा. पुसत बसायचं मी.

माझ्या अंगावर दोन लाल यंत्रांचं काम होतं. एक आमच्या स्टेशनात, एक पलीकडच्या टोकाला धरणापाशी, मध्ये तार. दोन्हींत मिळून चोवीस लोखंडी गोळे, मुठीत मावतील एवढे. ड्रायव्हरने इथला गोळा घेऊन निघायचं, तिकडच्या यंत्रात टाकायचा. एक बाहेर असेल तर दुसरा सुटतच नाही. म्हणजे लाइनवर एका वेळी एकच गाडी. इतकं शहाणं यंत्र मी दुसरं पाहिलं नाही.

सगळं साफ केलं, तार बदलली, तरी गोळा सुटेना. दोन्हीकडचे मोजले. तेवीस.

जुने सांधेवाले आजोबा रोज फलाटावरच्या बाकावर येऊन बसत. रुळांचे सांधे बदलण्यात त्यांची हयात गेली होती.

"यंत्र बरोबर आहे, पोरी. एक बाहेर आहे."

"कुणीतरी आठवण म्हणून घरी नेला असेल."

"आठवण म्हणून लोक कंदील नेतात, घड्याळ नेतात. गोळा कोण नेतंय?"

"मग आहे कुठे?"

"गाडीत."

मी हसले. ते हसले नाहीत. "शेवटच्या गाडीला सांधा मीच लावला. परतीचाही लावून बसलो होतो..." ते चष्मा पुसत राहिले.

त्या आठवड्यात दोरीवरच्या दुपट्यांवर काजळी बसू लागली. इंजिन अजून पेटलं नव्हतं. कुठल्या तरी भट्टीची असेल म्हणून मी पुन्हा धुतली. एका दुपारी यंत्राची घंटा दोनदा वाजली. दोन ठोके म्हणजे गाडी वाटेत आहे, आणि ते तिकडच्या यंत्रातूनच द्यावे लागतात. तिकडच्या खोलीला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या कमरेला. तारेत ओल शिरली असणार, असं मी वहीत लिहिलं.

उद्घाटनाला आठ दिवस उरले होते. मी ओतशाळेतून चोविसावा गोळा ओतून आणला आणि यंत्रात टाकला. खट्‌कन कुलूप सुटलं. दोन्हीकडे बारा-बारा झाले. आजोबांना सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

चाचणीच्या दिवशी सकाळी दहाला तो निघाला. मी माझ्या हाताने गोळा दिला. त्याने लेकीचं नाक काळं केलं आणि शिट्टी वाजवली. धरणापर्यंत अर्धा तास. तिकडे नणंद बसली होती.

पावणेअकराला तिचा फोन आला. "वहिनी, दादा निघाला ना?"

"केव्हाच."

"वाटेत फोटो काढून घेत बसला असेल. सवय आहे त्याला."

अकराला घंटा वाजली. काटा सरकून 'लाइन मोकळी'वर थांबला. मी फोन उचलला.

"पोचला ना गं?"

"नाही. रूळ रिकामे आहेत. पण यंत्र आपोआप वाजलं."

"उघड. गोळे मोज."

किल्लीचा आवाज आला. मग एकेक गोळा बाजूला ठेवल्याचा.

"तेरा."

माझ्याकडे अकरा होते. अकरा आणि तेरा, चोवीस. नवऱ्याच्या हातातला सोडून.

"एक काळा आहे, वहिनी. चटका बसला मला."

दारात आजोबा उभे होते. त्यांनी टोपी काढली.

"ती शेवटची गाडी पोचली," ते म्हणाले.

महिनाभर शोधलं. एक खडी हललेली नव्हती, एक झुडूप मोडलेलं नव्हतं. साहेब लोक आले, काटा पाहून म्हणाले, लाइन तर मोकळी आहे.

ते गेल्यावर मी एक गोळा काढून घरी आणला. गोळा बाहेर असला की गाडी वाटेत असते. नियमच आहे तो. आता यंत्रालाही ते मान्य करावं लागेल, आणि दुसरी गाडी कुणी सोडू शकणार नाही. गोळा मी घरच्या झोळीखाली ठेवलाय. रोज दुपारी हात लावून बघते. थंडगार असतो.

आज कोमट लागला.

लेक आत्ताच उठली. अजून डोळेही नीट उघडले नाहीत, पण हसतेय. नाकाच्या शेंड्यावर काळं बोट उमटलंय.

मी पुसलेलं नाही.