ऑक्सिजनचा नॉब

विश्वास ठेवा नाहीतर हसा. हे माझ्यासोबत घडलंय आणि यातला एक शब्दही मी मागे घेणार नाही.

शनिवार. भर दुपारचे दोन. लॅबमध्ये मी एकटी.

आमचं काम फिल्म वाढवायचं. बंद चेंबरमध्ये लेसर एका रसायनाच्या वडीवर आदळतो, तिची वाफ तापलेल्या चकतीवर पातळ थर होऊन बसते. हा थर खूप गार केला की त्यातून वीज जराही न अडता वाहते. अट एकच. निवताना त्याला तासभर ऑक्सिजन मिळायला हवा. नाही मिळाला, तर सगळी मेहनत पाण्यात.

सोमवारी साहेब आमचं जुनं मशीन भंगारात काढणार होते. ही शेवटची फिल्म जमली तरच ते राहणार होतं. आणि माझं तीन वर्षांचं कामही.

लेसर थांबला. मी ऑक्सिजन सोडला.

आणि… नॉब हळूहळू फिरून बंद झाला.

मी उघडला.

तो पुन्हा फिरला…

असं एकच माणूस करायचा. आमचे ऑपरेटर काका. तीस वर्षं त्यांनी धातूच्या फिल्म केल्या. त्या निवताना गॅस बंदच करायचा असतो. सवयीने हात जायचा. माझ्या दोन फिल्म त्यांनी अशाच घालवल्या. दुसऱ्या वेळी मी ओरडले होते, "काका, पुन्हा या नॉबला हात लावायचा नाही!"

महिन्याभरात ते वारले.

मी नॉब मुठीत आवळला.

माझ्या बोटांवर… थंडगार बोटं.

"घाबरवा हवं तेवढं!" मी किंचाळले. "फिल्म माझी आहे, काका. मी सोडणार नाही!"

जोर वाढला. मीही वाढवला. चाळीस मिनिटं. रडले, नाही नाही ते बोलले, पण सोडला नाही.

मग हातात पेटका आला. मूठ सुटली.

संपलं, वाटलं.

नॉब… हललाच नाही.

मी फिरवून पाहिला. कुणीतरी तो घट्ट धरला होता. उघडा. उरलेली वीस मिनिटं.

सोमवारी फिल्म गार करून मोजली. उणे एकशे ब्याऐंशी अंशांना विजेला रोध शून्य. मशीन राहिलं.

मी माफी मागितलेली नाही. चूक काकांचीच होती, हे मी आजही त्या रिकाम्या खोलीत ठणकावून सांगते.

आणि फिल्म निवत असताना नॉबवरचा हात काढून घेते…

तो उघडाच राहतो, कुणी धरून ठेवल्यासारखा घट्ट. त्याची मला अजून भीती वाटते.