भिंतीकडच्या पेशी

माझ्या लेकीची पणजी मुळ्या वासावरून ओळखत असे. तिची आजी साली वाळवून, कुटून घरोघरी देत असे. आणि मी, तिची आई, त्याच सालींतून कर्करोगाच्या पेशी मारणारे द्रव्य वेगळे काढण्यासाठी प्रयोगशाळा उभारली. लेक माझ्याच हाताखाली तयार झाली आणि माझ्याशीच भांडली. तशी बिशाद दुसऱ्या कोणाची नव्हती.

तो रोग तिलाच झाला. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीतल्या पेशी तिने स्वतः आमच्याकडे पाठवल्या. "घरचाच माल आहे, वाया कशाला घालवायचा?" असे म्हणून ती हसली. मला हसू आले नाही.

ती गेली. पेशी जगल्या. शरीराइतकी ऊब आणि पोषण मिळाले की काचेच्या बशीत पेशी वाढतात, यात नवल काही नाही. माझी सून प्रयोगशाळेतच काम करते. ती त्यांचे पोषणद्रव नेमाने बदलत असे.

पुढे इन्क्युबेटरचा, म्हणजे बशा ठेवायच्या उबदार पेटीचा, तापमानाचा काटा दिवेलागणीला वर चढू लागला आणि पहाटे खाली येऊ लागला. मेकॅनिकने पेटी उघडून पाहिली. पेटीला काही झालेले नाही, बाईंनीच जरा झोप काढावी, असा सल्ला देऊन तो गेला. आम्ही बशा दुसऱ्या पेटीत हलवल्या. पहिलीचा काटा स्थिरावला. दुसरीचा चढू लागला.

लेकीला शेवटी शेवटी दिवेलागणीलाच ताप भरत असे.

मग सूक्ष्मदर्शकाखाली दिसले की पेशी बशीच्या एकाच कडेला दाटल्या आहेत. ती कड भिंतीकडची होती. सूनबाईने बशी फिरवून ठेवली. सकाळी त्या पुन्हा भिंतीकडे होत्या.

कळा असह्य झाल्या की लेक भिंतीकडे तोंड करून निजत असे.

अखेर सालीतले द्रव्य शुद्ध रूपात हाती आले. इतरांच्या पेशींवर ते लागू पडले होते. लेकीच्या पेशी सर्वांत चिवट. इथे गुण आला, तरच रुग्णांपर्यंत जाण्याची वाट मोकळी होणार होती.

"आई, ताईंचं एवढंच जिवंत उरलंय," सूनबाई म्हणाली.

"आज दुसऱ्या कोणाची तरी लेक खाटेवर आहे," मी म्हणाले. "तयारी कर."

तुलनेसाठी अर्ध्या बशा औषधाविना ठेवायच्या, ही आमची रीत. त्या पलीकडच्या खोलीत ठेवून मी कुलूप लावले आणि किल्ली कमरेला खोचली. त्या तरी जगतील, अशी मी सूनबाईची समजूत घातली. त्या समजुतीची गरज कोणाला अधिक होती, हे तिने विचारले नाही.

थेंब मी स्वतः सोडला.

पेशींनी भिंतीकडची कड सोडली. हळूहळू, एकेक करून, त्या थेंबाकडे आल्या.

"घे, बाळा," मी म्हणाले. सूनबाईने मान फिरवली.

दिवेलागणीला काटा जागचा हलला नाही. बशीत जिवंत असे काही उरले नव्हते.

मी पलीकडची खोली उघडली. तिथल्या पेशीही मेल्या होत्या. सगळ्या.

सूनबाईने त्यांची तपासणी केली. औषधाचा स्पर्शही न झालेल्या त्या पेशींत आमचेच द्रव्य निघाले. प्रयोग बाद धरावा लागणार होता. बशा भरताना आपलीच चूक झाली असे लिहून द्यायला ती तयार होती. मी तिला जवळ घेतले. आमच्या घरात तशी पद्धत नव्हती.

जाण्याच्या आदल्या दुपारी लेकीला मी त्याच सालीचा काढा दिला होता, पणजीच्या पद्धतीने उकळलेला. तिने पेला हलकेच बाजूला सारला होता.

"आधी सिद्ध कर, आई. मग शेवटच्या थेंबापर्यंत घेईन. हे तुझं देणं राहिलं माझ्याकडे."

उरलेले औषध माझ्या कपाटात होते. मी कुपी उजेडात धरली. तोंडावरची लाख शाबूत होती, तिच्यावर माझ्याच अंगठ्याचा ठसा होता.

आत थेंबही नव्हता.